कामगारांचं कौतुक, कामाचा हुरूप आणि धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचे मालक, त्यांचे एचआरवाले, सुपरवायझर आणि कधीकधी खुद्द कामगार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. जे एका उत्तरात येऊन गेलं ते दुसऱ्यात परत न लिहिता फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कौतुकाने कामात खरंच फरक पडतो, की हे एचआरवाल्यांचं खूळ आहे?

पडतो. पण कुणाच्या कामात पडतो, हे ऐकून बरेच मालक चकित होतात. ब्राडलर, डुर, नेकरमान आणि नॉन या अर्थशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीनशेहून जास्त लोकांना तीन तासांच्या डेटा एन्ट्रीच्या कामाला घेतलं होतं, आठ-आठ जणांचे गट करून. दोन तास काम झाल्यावर, आधी कसलीही कल्पना न देता, काही गटांत सगळ्यांना आभाराचं कार्ड दिलं, काही गटांत फक्त चांगलं काम करणाऱ्या पहिल्या तिघांना, तर काहींत फक्त पहिल्याला. सगळ्यात जास्त काम वाढलं ते तिघांना कार्ड दिलेल्या गटांत, आणि ती वाढ प्रामुख्याने कार्ड न मिळालेल्यांची होती. चांगलं काम म्हणजे किती, हे उरलेल्या पाच जणांना त्या कार्डामुळे कळलं.

मात्र ते काही तासांचं, तात्पुरतं काम होतं. पंधरा वर्षं तीच प्रेस चालवणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका.

ट्रेनिंगमध्ये हॉथॉर्नची गोष्ट हमखास सांगतात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ दरम्यान प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण म्हणे कुणीतरी कामगारांकडे लक्ष देत होतं. पुढे ज्यांनी ती जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, त्यांना परिणाम एवढा स्वच्छ दिसला नाही. ऐकायला ठीक आहे, तिच्या भरवशावर योजना आखू नका.

२. पगार वाढवणं सध्या शक्य नाही. सत्कार-बित्कार करून माणसं टिकतील का?

नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, कामाची जागा, कंपनीचे नियम या गोष्टी कमी पडल्या तर माणूस चिडतो. पण त्या पुरेशा आहेत म्हणून तो हुरूपाने कामाला लागत नाही. हुरूप येतो तो हातून काहीतरी झाल्याच्या समाधानाने, त्याची कुणी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली आहे. तरी कारखान्याच्या शॉपवर तिचा एक भाग रोज खरा ठरतो: पहिल्या गोष्टींची उणीव दुसऱ्यांनी भरून निघत नाही.

ज्याचा ओव्हरटाइम अडकलाय त्याला शाल-श्रीफळ दिलंत तर तो फोटोला उभा राहील, आणि कँटीनमध्ये त्या शालीची जी टिंगल होईल ती तुमच्या कानावर येणार नाही. आधी देणं चुकतं करा. पगार सात तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुप्पट दराने, पीएफचा भरणा वेळेवर. हे कायद्यानेच द्यायचं आहे, त्यात मेहरबानी नाही. हे सुरळीत झाल्यावर पुढचे प्रश्न वाचा.

३. आम्ही दिवाळीला बोनस आणि मिठाईचा डबा देतो. ते कौतुकच झालं ना?

बोनस हा हक्क आहे. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान दर ८.३३ टक्के होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच आहे. त्याला ‘तुमच्या मेहनतीची पावती’ म्हटलंत तर लोक मनात हिशेब करतात. डबा सगळ्यांना सारखाच जातो, त्यामुळे त्यातून ‘तू अमुक केलंस’ असं काहीच सांगितलं जात नाही. तो आपलेपणाचा भाग आहे, खंडेनवमीला मशीनला हार घालून पेढे वाटतात तसा. तो बंद करू नका. शंभर लोकांच्या कारखान्यात एका वर्षी डबा चुकला तर त्याची चर्चा पुढच्या दिवाळीपर्यंत चालते. फक्त त्याला कौतुकाच्या खात्यात टाकू नका.

४. मी रोज सगळ्यांना ‘गुड जॉब’ म्हणतो. तरी वातावरण मरगळलेलंच. चुकतंय कुठे?

रोज आणि सगळ्यांना, इथेच. जे सगळ्यांना लागू होतं ते कुणालाच लागत नाही.

उदाहरण घ्या. सेकंड शिफ्ट, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) बोअरिंग, म्हणजे भोक ठरलेल्या मापाला कापणं, चालू आहे. ऑपरेटरला आवाजात थोडा फरक वाटतो. तो पुढच्या तपासणीची वाट न बघता पीस काढून गेज लावतो. माप अजून टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, आहे, पण वर सरकतंय. तो मशीन थांबवतो, इन्सर्ट (कापणारं टोक) बदलतो, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देतो, पुन्हा चालू करतो. उत्पादनात दहा मिनिटांचा खड्डा पडतो. सकाळी सुपरवायझर रिपोर्ट बघतो आणि विचारतो, ‘काल मशीन का थांबलं होतं?’ पुढच्या वेळी तोच ऑपरेटर बिन (तयार मालाची पेटी) भरेपर्यंत मशीन थांबवणार नाही.

त्याऐवजी त्याच सकाळी मशीनपाशी जाऊन म्हणा, ‘मामा, काल बोअर वर सरकतंय हे तुम्ही आवाजावरून पकडलंत. नाहीतर अख्खा बिन रिवर्कला गेला असता. पहिल्या शिफ्टच्या पोरालाही तो आवाज एकदा ऐकवा.’ काय केलं, त्याने काय वाचलं आणि ते आपल्याला कळलं, तिन्ही गोष्टी यात आल्या. शेवटच्या वाक्यात तर त्याला शिकवायचा मान दिला आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं बक्षीस ते.

आणि हो, वयाने मोठ्या ऑपरेटरला नवीन डिप्लोमावाल्या सुपरवायझरने अरे-तुरे करून शाबासकी देऊ नये. ‘शाब्बास, चांगलं केलंस’ हे वाक्य पंचवीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या माणसाला म्हटलं की ते कौतुक राहत नाही.

५. सगळ्यांसमोर बोलावं की बाजूला घेऊन?

माणूस ओळखून. शिफ्ट सुरू होतानाच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये नाव घेतलेलं बहुतेकांना आवडतं, आणि प्रश्न १ मधला फायदा, म्हणजे बाकीच्यांना दिशा मिळणं, हा सगळ्यांसमोर बोलल्यावरच मिळतो. पण काही जण अवघडतात. जिथे मॅनेजमेंट आणि युनियनचं वाकडं आहे तिथे साहेबाने जाहीर पाठ थोपटलेल्या माणसाला ‘साहेबांचा माणूस’ हे नाव चिकटायला एक चहा पुरतो. अशा ठिकाणी माणसाऐवजी कामाचं नाव घ्या (‘लाइन दोनवर काल जे झालं ते असं’) आणि त्या माणसाशी वेगळं बोला. असेंब्लीला नव्याने लागलेल्या मुलींना पहिल्याच महिन्यात स्टेजवर बोलावण्याआधी त्यांना एकदा विचारा. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतानाही तेच.

६. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ जोरात सुरू केलं. सहा महिन्यांत कुणाला पडलीच नाही. असं का?

कारण पाळी लागली. पहिले दोन महिने खरोखर उठून दिसणारी माणसं मिळतात. मग ‘पेंट शॉपला अजून मिळालं नाही’ असं कुणीतरी म्हणतं, मग स्टोअर्स, मग मेंटेनन्स. सहाव्या महिन्यापर्यंत पुढचा नंबर कुणाचा हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. दुसरं असं की महिन्याला एक नाव म्हणजे दोनशे माणसांपैकी एकशे नव्व्याण्णवांना त्या महिन्यात आपला संबंध नाही असंच वाटणार.

भिंतीवरची नावाची फ्रेम काढून टाका असं मी म्हणत नाही. पण महिना संपला म्हणून नाव द्यायचंच, ही सक्ती काढा. दाखवण्यासारखं काही घडलं नाही तर त्या महिन्यात फ्रेम रिकामी राहू द्या. एखाद्या महिन्यात चार जणांनी मिळून लाइन वाचवली तर चौघांची नावं लावा. आणि नावाखाली ‘उत्कृष्ट कामगिरी’ न लिहिता काय केलं ते दोन ओळींत लिहा.

७. गैरहजेरी फार आहे. शंभर टक्के हजेरीला बक्षीस ठेवावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: ठेवू नका, निदान बक्षीस म्हणून तरी नको.

अमेरिकेतल्या एका औद्योगिक लाँड्री कंपनीच्या पाच प्लँटपैकी एकात मॅनेजरने अशी योजना आणली. महिनाभर एकही खाडा नाही, एकदाही उशीर नाही, अशांची नावं जाहीर करायची आणि त्यांच्यातून चिठ्ठी टाकून गिफ्ट कार्ड द्यायचं. गब्लर, लार्किन आणि पिअर्स या संशोधकांनी तिचे परिणाम २०१६ साली मांडले. योजनेत बसतोय तोवर लोक वेळेवर आले. महिन्यात एकदा उशीर होऊन बाद झाले की सैल पडले. त्याहून वाईट म्हणजे जे आधीपासूनच न चुकता वेळेवर येत होते त्यांचं काम मंदावलं. इतकी वर्षं आम्ही आलो तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता उशिरा येणाऱ्यांना सुधारण्यासाठी बक्षीस, हे त्यांना खुपलं. प्लँटची उत्पादकता १.४ टक्क्यांनी घसरली.

शाळांमधलाही एक दाखला आहे. कॅलिफोर्नियातल्या पंधरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. आधी जाहीर केलेल्या हजेरी-बक्षिसाने सरासरी काही फरक पडला नाही. आणि आधी न सांगता, मागच्या हजेरीबद्दल प्रमाणपत्र दिलं, तर त्या मुलांची पुढची हजेरी चक्क कमी झाली. संशोधकांचा कयास असा की प्रमाणपत्रामुळे मुलांना वाटलं, आपण इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय.

आपल्याकडे गैरहजेरीची कारणं बहुधा कॅलेंडरवर दिसतात: पेरणी, गणपती, लग्नसराई, गावची जत्रा. त्यावर उपाय रजेचं नियोजन हा आहे. दोन महिने आधी कोण कधी जाणार हे लिहून घ्या, अदलाबदलीची मुभा द्या. पगारात हजेरी भत्ता आधीपासून असेल तर तो असू द्या. तो पगाराचा भाग झाला आहे, काढायला गेलात तर वाद होईल. आणि दहा वर्षं न चुकता येणाऱ्या माणसाला मालकाने एकदा स्वतः सांगावं की तुमच्यामुळे सकाळची शिफ्ट कधी अडली नाही.

८. रोख द्यावी की वस्तू?

रोख बक्षीस पगारासारखंच करपात्र असतं. वस्तूंना थोडी सूट आहे. १९६२ च्या आयकर नियमांत ती वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने चालू मर्यादा सीएला विचारूनच ठरवा. जीएसटीत एका कर्मचाऱ्याला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची भेट पुरवठा (कर लागणारा व्यवहार) धरली जात नाही, पण त्या वस्तूच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही.

कराच्या पलीकडचं म्हणाल तर ५०० रुपये रोख दिले की माणूस त्याची तुलना ओव्हरटाइमशी करतो, आणि ती तुलना तुम्ही हरता. घरी नेता येईल, बायका-मुलांना दाखवता येईल असं काही द्या. पण कृपा करून कंपनीचा लोगो छापलेलं घड्याळ नको. ती घड्याळं नंतर पानटपरीवर टांगलेली दिसतात.

९. धंद्यात फरक पडला हे मोजायचं कसं? मालक आकडा मागतात.

विक्रीत शोधू नका. कौतुक आणि विक्री यांच्यामध्ये शंभर कारणं येतात. जवळचे आकडे घ्या: नोकरी सोडण्याचं प्रमाण, रिजेक्शन, रिवर्क, आलेल्या आणि अमलात आलेल्या सूचना.

माणूस टिकण्यावरचा परिणाम तुलनेने चांगला तपासला गेला आहे. संशोधक याना गॅलस यांनी जर्मन विकिपीडियावर चार हजारांहून जास्त नव्या संपादकांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून काहींना फक्त नावापुरता सन्मान दिला, पैसा नाही की अधिकार नाही. पुढच्या महिन्यातही काम करत राहिलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात २० टक्क्यांनी जास्त निघालं. ती मंडळी स्वयंसेवक होती हे लक्षात ठेवा. पण नवीन माणूस सुरुवातीच्या दिवसांतच टिकतो किंवा जातो, हे कारखान्यातही तसंच आहे.

एक माणूस गेल्याचा खर्च स्वतःच्या कागदांवरून काढा: ठेकेदाराचं कमिशन, नवीन माणसाच्या पहिल्या महिन्यातलं रिजेक्शन, त्याच्या जागी इतरांना दिलेला ओव्हरटाइम, शिकवणाऱ्याचा वेळ. मग एका लाइनवर नवी पद्धत सुरू करा, दुसरी तीन महिने तशीच ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशीही करा, कारण बोनस हातात पडल्यावर राजीनामे येतातच. दिवाळीआधी आणि दिवाळीनंतर असं मोजलंत तर कुठलीही योजना फसलेलीच दिसेल.

सॉफ्टवेअर विकणारे जे भलेमोठे टक्के दाखवतात, त्यात बहुधा आनंदी कंपन्या आणि नफ्यातल्या कंपन्या शेजारी ठेवलेल्या असतात. नफा आहे म्हणून वातावरण चांगलं आहे, असंही असू शकतं.

१०. सजेशन बॉक्स ठेवलाय. चिठ्ठ्या येतच नाहीत. बक्षिसाची रक्कम वाढवू का?

रक्कम नको, उत्तर द्या. टोयोटाची सूचना योजना १९५१ पासून चालू आहे, आणि अशी कुठलीही योजना टिकवायची तर प्रत्येक सूचनेला ‘करतोय’ किंवा ‘या कारणाने नाही’ असं ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. तुमच्या बॉक्सची किल्ली कुणाकडे आहे हे तरी माहीत आहे का?

एका प्रेस शॉपमध्ये हेल्परने सुचवलेला स्टॉपर मी पाहिलाय. पट्टी उलटी घातली तर आत जातच नाही, एवढंच त्याचं काम. टूल रूमवाल्याने त्या स्टॉपरवर हेल्परचं नाव पंच केलं होतं. कस्टमरचे ऑडिटर आले की सुपरवायझर बाजूला होतो आणि तो हेल्परच ते समजावून सांगतो, मोडक्यातोडक्या हिंदीत. बक्षिसाची रक्कम किती होती हे तिथे कुणाला आठवत नव्हतं.

११. ‘इतके दिवस अपघात नाही’ असा बोर्ड आहे, शंभर दिवसांना जेवण देतो. यात काय वाईट?

नव्वदाव्या दिवशी कुणाचं बोट चेपलं तर काय होतं ते बघा. अख्ख्या लाइनचं जेवण आपल्यामुळे जाणार म्हणून तो माणूस फडकं गुंडाळून काम करतो. जखम चिघळली की ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात जातो आणि तिथे कारखान्याची नोंदच नसते. ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करता आलं नाही तर अपघात कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. दडवलेला अपघात तुमच्याच गळ्याशी येतो.

बक्षीस द्यायचंच असेल तर थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला द्या. ‘क्रेनच्या हुकाचं लॅच तुटलंय’ हे सांगून ज्याने काम थांबवलं, त्याचं नाव बोर्डावर येऊ द्या.

१२. ठेकेदाराच्या माणसांचं कौतुक केलं तर ते कायम करा म्हणतील अशी भीती वाटते.

तोंडी शाबासकीने कुणी कायम होत नाही. वाद झालाच तर नेमणूक कुणी केली, पगार कोण देतं, कामावर ताबा आणि शिस्तभंगाची कारवाई कुणाची, असे प्रश्न तपासले जातात. प्रमाणपत्र किंवा बक्षीस ठेकेदाराच्या नावाने, त्याच्याच हातून द्या, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. पण एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभ्या दोघांपैकी फक्त कायम असलेल्याचं नाव घ्यायचं, याने जे बिघडतं ते कुठल्याही वकिलाला दुरुस्त करता येत नाही.

१३. आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर सगळ्यांना शिव्या घालतो. त्याला पुरस्कार द्यावा का?

नाही. उत्पादनाचे आकडे त्याचे आहेत, पण त्याच्याखाली किती हेल्पर टिकले तेही मोजा (प्रश्न ९). तुम्ही त्याला हार घातलात तर इथे काय चालतं ते सगळ्यांना कळतं. त्याच्या हातच्या कसबाचं बाजूला घेऊन मोकळेपणाने कौतुक करा आणि त्याच बैठकीत शिव्यांबद्दलही बोला.

१४. कौतुकाचं पत्र दिलं आणि पुढे त्याच माणसावर कारवाई करावी लागली तर? ते पत्र कोर्टात आपल्याविरुद्ध जाईल का?

समोर येईल, आणि यायलाच हवं. आदर्श स्थायी आदेशांनुसार (कामगारांच्या सेवाशर्तींचे सरकारी नमुना नियम) शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य आणि आधीचा रेकॉर्ड दोन्ही बघायचे असतात. चांगलं काम हा रेकॉर्डचाच भाग. अडचण होते ती खोट्या पत्रांची. अप्रेझलला ‘सर्व बाबतीत अतिशय समाधानकारक’ असं सगळ्यांना छापून द्यायचं आणि चार महिन्यांनी ‘हा सवयीचा कामचुकार’ म्हणून चार्जशीट काढायची, हे टिकत नाही. पत्रात घडलेली एक गोष्ट तारखेसह लिहा. ‘अमुक दिवशी भट्टी बंद पडली तेव्हा यांनी रात्री थांबून ती चालू केली’ हे पुढेही खरंच राहतं, मग त्या माणसाने नंतर काहीही केलेलं असो.

१५. बाहेरच्या पुरस्कारांसाठी कामगाराचं नाव पाठवता येतं का?

येतं, आणि फार थोडे कारखाने पाठवतात. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आहे. तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने देतात, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. केंद्र विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आणि प्रधानमंत्री श्रम पुरस्कारही देत आलं आहे, पण सध्या अर्ज घेतात का ते आधी विचारा. मंडळाच्या पुरस्कारासाठी कामगाराचं सामाजिक कामही बघतात. आपल्या वेल्डरने गावात वाचनालय चालवलंय हे बऱ्याच एचआरना अर्ज भरतानाच कळतं.

१६. मी कामगार आहे. साहेब कधीच काही बोलत नाहीत, चूक झाली की मात्र लगेच येतात. मी काय करू?

‘माझं कौतुक करा’ असं म्हणणं कुणालाच जमत नाही, तेव्हा कामाबद्दल विचारा. ‘साहेब, मागच्या आठवड्यात सेटिंगची पद्धत बदलली, तुम्हाला कशी वाटली?’ यावर त्यांना काहीतरी बोलावंच लागतं. आपण केलेले बदल, वाचवलेला माल, शिकवलेली माणसं एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. अप्रेझलच्या वेळी ‘मी पण खूप केलंय’ म्हणण्यापेक्षा वही पुढे करता येते. आणि शेजारच्या मशीनवाल्याने काही चांगलं केलं तर तुम्हीच त्याला सांगा. त्यासाठी साहेब असावं लागत नाही.